उभे राहण्याचा हिशेब

आपल्याकडे पायांची आठवण होते ती बहुधा नमस्काराच्या वेळी. एरवी पाय हा देहाचा असा भाग आहे, जो दिवसभर राबतो आणि ज्याची विचारपूस कोणी करीत नाही. त्यातही घरच्या सुनेचे पाय साडीच्या काठाआड असतात. ते दिसत नाहीत आणि दाखवण्याची रीतही नाही. गरोदरपणात तिच्या पोटरीवर निळ्या शिरा फुगून आल्या, तर घरात ही गोष्ट कळायला कित्येकदा महिने लागतात. व्यापारी घरात पै-पैचा हिशेब रोज रात्री जुळवला जातो. परंतु घरातील स्त्री त्या दिवशी किती तास उभी होती, याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

पालघर तालुक्यातील मुरबे हे अरबी समुद्राच्या काठचे मच्छीमारांचे गाव. खाडीच्या एका तीरावर मुरबे आणि समोरच्या तीरावर सातपाटी. गावातून निघालेला रस्ता बोईसरकडे जातो आणि बोईसरला लागूनच तारापूरची औद्योगिक वसाहत पसरली आहे. अशा किनाऱ्यावरच्या गावांत वाण्याचे एखादे दुकान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. धान्य, तेल, साबण, वह्या, दोर, टॉर्च असे गावाला लागणारे सारे त्या एका दुकानात मिळते. अशाच एका दुकानदार कुटुंबातील सुनेची ही हकिकत आहे. तिचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही. कारण थोड्याफार फरकाने ती अनेक घरांतील सुनांची हकिकत आहे.

पती सकाळी मालासाठी बोईसरला जात, सासरे वयोमानाने माळ्यावरचे काम करू शकत नसत. त्यामुळे सकाळपासून दुपारपर्यंत दुकान सुनेने सांभाळायचे, असे ठरून गेले होते. ठरवले कोणी, हे सांगता येणार नाही. घरातील पुष्कळशी कामे अशीच ठरून जातात. दुकान बंद झाले की स्वयंपाकघर, आणि दुपारनंतर पुन्हा स्वयंपाकघर. कारण सूर्यास्तापूर्वी घरातील सर्वांचे जेवण झालेच पाहिजे. दुकानातील काउंटर आणि स्वयंपाकघरातील ओटा, दोन्ही उभ्याने काम करण्याच्या उंचीचे. सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत ती जेवायला बसे तेवढीच बसे.

दुसऱ्या वेळी तिला दिवस गेले तेव्हा पहिला मुलगा चार वर्षांचा होता. वैशाखातील उन्हाळा, समुद्रावरची दमट हवा आणि पाचवा महिना. एके रात्री पाय धुताना तिला डाव्या गुडघ्यामागील लवणीत दोरीच्या गाठीसारखी निळसर शीर हाताला लागली. खाली पोटरीवर तशाच दोन-तीन नागमोडी रेषा उमटल्या होत्या. संध्याकाळी पाय भरून येत, ठणकत, रात्री पोटरीत गोळे येत आणि घोट्याजवळ खाज सुटे. तिने पाहिले, साडी खाली केली आणि कोणालाही सांगितले नाही.

या शिरांना डॉक्टर ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात. मराठी विज्ञानलेखकांनी हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीला ‘रोहिणी’ आणि हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या वाहिनीला ‘नीला’ अशी सुंदर नावे दिली आहेत. पायातील नीलांचे काम सर्वांत अवघड. कारण तेथील रक्ताला चढण चढून वर जावे लागते. हृदयाचा जोर तिथपर्यंत पोहोचता पोहोचता बराच ओसरलेला असतो. मग हे रक्त वर चढवतात ते पोटरीचे स्नायू. चालताना ते आवळतात, आतील नीला पिळली जाते आणि रक्त वर ढकलले जाते. ते परत खाली घसरू नये म्हणून नीलांच्या आत ठिकठिकाणी पडदेवजा झडपा असतात. त्या वरच्या दिशेला उघडतात आणि खालच्या दिशेला मिटतात. इटलीतील पादुआ विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी या झडपांवरील ग्रंथ १६०३ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु त्या झडपा रक्ताचा वेग कमी करण्यासाठी असाव्यात, अशी त्यांची समजूत होती. त्या रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात, हा त्यांचा खरा अर्थ ओळखला तो पादुआतच शिकलेल्या विल्यम हार्वे यांनी. रक्ताभिसरणावरील त्यांचा ग्रंथ १६२८ मध्ये प्रसिद्ध झाला.

माणूस चालत असला की ही व्यवस्था उत्तम चालते. तो एका जागी उभा राहिला की पोटरीचा पंप थांबतो आणि रक्ताचा सारा भार त्वचेखालील नीलांच्या भिंतींवर पडतो. रोज तासन्‌तास हा भार पडत राहिला की भिंती ताणतात, झडपांच्या पाकळ्या एकमेकींपर्यंत पोहोचत नाहीत, वर गेलेले रक्त मागे झिरपते आणि शीर फुगून वेडीवाकडी होते. म्हणून चालणाऱ्यापेक्षा खिळून उभ्या राहणाऱ्याला हा त्रास अधिक होतो.

गरोदरपणात याला तीन कारणे आणखी जोडली जातात. बाळाच्या पोषणासाठी आईच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण हळूहळू वाढते. शेवटच्या महिन्यांत ते नेहमीपेक्षा सुमारे ४० ते ५० टक्के अधिक असते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे नीलांच्या भिंती सैल पडतात. आणि वाढत्या गर्भाशयाचा भार पोटातील व ओटीपोटातील मोठ्या नीलांवर पडून पायांकडून येणाऱ्या रक्ताची वाट अडते. आईला किंवा मावशीला असा त्रास झालेला असेल, हे दुसरे-तिसरे बाळंतपण असेल, वजन अधिक असेल, तर शक्यता वाढते. अशा शिरा कित्येकदा सांगायला संकोच वाटेल अशा जागीही येतात. गरोदरपणातील मूळव्याध हीसुद्धा फुगलेल्या शिरांचीच व्यथा आहे. संकोचामुळे त्या न सांगितल्या तर बरे करणाऱ्याला काहीच करता येत नाही.

मुरब्याच्या त्या घरात ही गोष्ट उघड झाली ती एका गिऱ्हाइकामुळे. गावातील एक वयस्कर मावशी बाजाराहून परतताना दुकानाच्या पायरीवर टेकत असत. टोपली डोक्यावर घेऊन हिंडण्यात आणि बाजारात उभे राहण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. पाच बाळंतपणे झालेली. काउंटरमागे पायांवरचा भार आलटून पालटून बदलणाऱ्या सुनेकडे पाहून त्या एकदम म्हणाल्या, “तुझे पाय दुखतात ना गं?” आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी स्वतःचे लुगडे घोट्यावर सरकवले. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट आणि कडक झाली होती. तिच्या मधोमध भरून आलेल्या जुन्या जखमेचा व्रण होता. “दोन वर्षं भरली नाही ही जखम. तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि मीही कोणाला विचारलं नाही. तू विचार.”

त्या संध्याकाळी सुनेने सासूबाईंना सांगितले. सासूबाईंनी आधी तेच म्हटले, जे बहुतेक घरांत म्हटले जाते. “अगं, मलाही तुझ्या नणंदेच्या वेळी झालं होतं. बाळंतपणानंतर आपोआप जातं.” हे वाक्य खोटे नाही. गरोदरपणात आलेल्या शिरा पुष्कळदा प्रसूतीनंतर तीन-चार महिन्यांत बऱ्याच ओसरतात. परंतु ‘आपोआप जाते’ याचा अर्थ ‘तोपर्यंत काही करू नये’ असा आपण लावतो, तेथे चूक होते. मूळ शिरा दुर्लक्षित राहिल्या तर प्रत्येक बाळंतपणागणिक त्या वाढत जातात. त्यांचा शेवट कसा होऊ शकतो, ते त्या मावशींच्या घोट्यावर लिहिलेले होते.

सासूबाईंनी मग तिचे पाय पाहिले. तोवर त्यांनी ते कधी पाहिले नव्हते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः तिला घेऊन बोईसरला स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेल्या.

डॉक्टरबाईंनी सांगितलेले उपाय ऐकून घरच्यांना थोडी निराशाच वाटली. कारण त्यात मोठे औषध नव्हते. गरोदरपणात या शिरांवर शस्त्रक्रिया, लेझर किंवा इंजेक्शनचे उपचार सामान्यतः करीत नाहीत; प्रसूतीनंतर शिरा किती ओसरतात ते पाहून मगच निर्णय घेतात. तोपर्यंत करायचे ते असे: सलग उभे राहू नये आणि पाय खाली सोडून सलग बसूही नये. अर्ध्या-पाऊण तासाने चार पावले चालावीत. उभे राहणे टळत नसेल तर टाचा वर-खाली कराव्यात. बसल्या जागी घोटे गोल फिरवावेत. दिवसातून तीन-चार वेळा पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवून पंधरा-वीस मिनिटे पडावे. रात्री डाव्या कुशीवर झोपावे. कारण पोटातील मोठी नीला पाठीच्या कण्याच्या उजव्या बाजूस असते आणि डाव्या कुशीवर तिच्यावरचा भार हलका होतो. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. ऊन पाण्याने पाय शेकू नयेत. उष्णतेने शिरा आणखी पसरतात. आणि दाबाचे मोजे घालावेत.

या मोज्यांची कथा समुद्रकाठच्या माणसाला चटकन पटण्यासारखी आहे. अमेरिकेतील कॉनराड जोब्स्ट हे अभियंते स्वतः पायांच्या शिरांच्या दुखण्याने त्रस्त होते. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की आपल्याला आराम पडतो, असे त्यांच्या ध्यानात आले. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढतो. म्हणजे उभ्या माणसाच्या घोट्यावर तो सर्वाधिक आणि वर मांडीवर कमी असतो. हाच क्रम कापडात आणता येईल, या विचारातून विसाव्या शतकाच्या मध्याला त्यांनी घोट्याशी घट्ट आणि वर वर सैल होत जाणारे मोजे तयार केले. आज औषधाच्या दुकानात मिळणारे दाबाचे मोजे याच तत्त्वाचे आहेत. ते अंदाजाने घ्यायचे नसतात. घोटा, पोटरी आणि मांडी यांचे माप घेऊन, किती दाबाचा मोजा हवा हे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यावे लागतात. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, पायांत रक्त उतरण्याआधी, ते चढवायचे आणि रात्री काढायचे.

मुरब्याच्या दमट हवेत असे मोजे घालणे हे एक तपच होते. घामाने पाय भिजत, वळ उठत. शिवाय सातव्या महिन्यात वाकून स्वतःच्या पायात घट्ट मोजा चढवणे गर्भवतीला जमत नाही. पहिल्याच आठवड्यात सुनेने मोजे कपाटात ठेवून दिले असते. तसे झाले नाही. कारण पहाटे सासूबाई तिच्या अंथरुणाशी येऊन बसू लागल्या. हाताला टाल्कम पावडर लावून त्या एकेका पायात मोजा चढवीत. सासूने सुनेच्या पायांना हात लावावा, हे सुनेला प्रथम असह्य वाटले. “मम्मीजी, राहू द्या. मला पाप लागेल.” सासूबाई म्हणाल्या, “दुखणाऱ्याच्या पायाला हात लावण्यात कसलं पाप? ही तर सेवा आहे.” त्या शब्दाने तो प्रश्न मिटला.

त्याच सुमारास सासऱ्यांनी काउंटरमागे एक उंच स्टूल आणि त्याच्या पायाशी पाय टेकवण्यासाठी लाकडी पाट ठेवला. आपल्या व्यापाराच्या इतिहासात ही नवी गोष्ट नव्हे. जुन्या पेढीवर सगळे बसूनच चाले. पांढरीशुभ्र चादर घातलेली गादी, लोड-तक्के, समोर उतरती लाकडी पेटी. मालक बसलेला, मुनीम बसलेला आणि कापडाचा तागा उलगडून पाहणारे गिऱ्हाईकही बसलेले. ‘गादीवर बसणे’ म्हणजेच व्यापार करणे, असा अर्थ भाषेत रुजला तो उगीच नाही. पुढे काउंटर आले, शोरूम आली, काचेची कपाटे आली. गिऱ्हाइकासाठी खुर्ची राहिली, मालकासाठी गल्ल्यामागची खुर्ची राहिली. नाहीशी झाली ती विकणाऱ्याची बैठक. नोकर बसलेला दिसला तर दुकान सुस्त दिसते, असा एक समज तयार झाला.

सुनेसाठी स्टूल आले त्या दिवशी दुकानात कामाला येणारी गावातील मुलगी नेहमीप्रमाणे उभीच होती. सासऱ्यांनी दोन दिवस ते पाहिले आणि तिसऱ्या दिवशी दुसरे स्टूल आणले. हे त्यांनी कोणा कायद्याच्या धाकाने केले नाही. तरीही या बाबतीत कायदा काय म्हणतो, हे व्यापारी कुटुंबांनी जाणून घ्यावे असे आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ४४ व्या कलमाने, उभे राहून काम करावे लागणाऱ्या कामगारांना मधूनमधून टेकता यावे म्हणून बसण्याची योग्य सोय करण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमाने त्यापुढचे पाऊल टाकले. गर्भवतीने विनंती केल्यास, अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या आधीचा एक महिना, तसेच त्या सहा आठवड्यांत ती कामावर असेल तितके दिवस, तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहावे लागेल असे काम देऊ नये, असे त्यात स्पष्ट लिहिले गेले. दहा किंवा अधिक नोकर असलेल्या दुकानांनाही हा अधिनियम लागू करण्यात आला.

तरीही प्रत्यक्षात विक्रेत्या स्त्रिया उभ्याच राहिल्या. केरळमधील कोळिकोड येथील कापड दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना दिवसभर टेकण्याची मुभा नसे. शिंपीकाम करणाऱ्या विजी पेनकूट्टू यांनी त्या स्त्रियांना एकत्र आणले आणि ‘बसण्याचा हक्क’ मागितला. कित्येक वर्षांच्या प्रयत्नांनंतर २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून विक्रेत्यांसाठी आसनाची सोय सक्तीची केली. त्याच वर्षी बीबीसीने जगातील शंभर उल्लेखनीय स्त्रियांच्या यादीत विजी यांचे नाव घातले. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तशीच दुरुस्ती केली. एका स्टुलासाठी राज्याच्या विधिमंडळात विधेयक मांडावे लागले, ही गोष्ट व्यापारी समाजाला विचार करायला लावणारी आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात प्रसूती लाभाचा कायदा पोहोचत नाही. तेथे घरधन्याची दृष्टीच पोहोचली पाहिजे. बोईसर-पालघरच्या दुकानांत काम करणाऱ्या मुली आसपासच्या गावांतून येतात. डहाणू लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून, नंतर दिवसभर उभ्या राहून, संध्याकाळी पुन्हा तशाच परततात. त्यांच्यापैकी एखादी गर्भवती असेल तर तिच्या पायांवरचा भार आपल्या सुनेच्या पायांवरील भारापेक्षा कमी नसतो.

भाद्रपद जवळ आला तेव्हा मुरब्याच्या सुनेला आठवा महिना लागला होता. घरात पर्युषणाची तयारी सुरू होती. तिचीही एखादा उपवास करण्याची इच्छा होती. परंतु गर्भवतीच्या शरीरातील पाणी कमी झाले की रक्त घट्ट होते, म्हणून निर्जल उपवास नको, असे डॉक्टरबाईंनी आधीच बजावले होते. सासूबाईंनी तिच्यासाठी स्वाध्यायाचा नियम ठरवून दिला.

अशा एका सकाळी मोजा चढवता चढवता सासूबाई थांबल्या. डाव्या पायाचा मोजा पोटरीच्या वर जाईना. काल याच वेळी तो सहज गेला होता. त्यांनी दोन्ही पोटऱ्यांवर हात ठेवून पाहिले. डावी जाडसर आणि गरम लागत होती. दाबल्यावर सून कळवळली. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, “वाताने धरलं असेल. गरम तेलाने चांगलं चोळून काढा.” आपल्याकडे दुखऱ्या पायावरचा हा पहिला उपाय आहे आणि एरवी तो वाईटही नाही. परंतु डॉक्टरबाईंचे एक वाक्य सासूबाईंना आठवत होते: एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम किंवा लाल झाला, तर चोळायचा नाही, शेकायचा नाही, वाट पाहायची नाही. त्या शेजारणीला शांतपणे म्हणाल्या, “आज तेल नको, ताई. आज गाडी हवी.”

पाऊस होता. रस्त्यात पाणी साचले होते. तरी दुपारच्या आत डॉपलर सोनोग्राफी झाली आणि डाव्या पायातील खोलवरच्या नीलेत रक्ताची गुठळी असल्याचे दिसले.

येथे एक भेद समजून घेतला पाहिजे. त्वचेखाली फुगलेली शीर म्हणजे गुठळी नव्हे, आणि अशा शिरा असलेल्या बहुसंख्य गर्भवतींना गुठळी होतही नाही. परंतु गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव होऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ती तरतूद आहे. पायांतील रक्ताची गती मंदावलेली असल्याने कधी कधी त्याच तरतुदीतून खोल नीलेत गुठळी धरते. ओटीपोटात डाव्या पायाच्या नीलेवरून उजव्या पायाची रोहिणी जाते आणि तिच्या दाबामुळे गरोदरपणात हा प्रकार डाव्या पायात अधिक आढळतो. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर अचानक धाप लागते, छातीत दुखते आणि जिवावर बेतते. चोळण्याने नेमका हाच धोका वाढतो.

सुनेला त्याच दिवशी हेपॅरिन वर्गातील औषधाची इंजेक्शने सुरू झाली. पोटाच्या त्वचेखाली घ्यावयाची ही सुई वारेतून बाळापर्यंत पोहोचत नाही, म्हणून ती गर्भवतीला देता येते. काही दिवसांत पती ती सुई देण्यास शिकले. ज्या हातांना गल्ला मोजण्याची सवय होती, ते हात रोज ठरलेल्या वेळी स्पिरिटचा बोळा आणि सुई हाती घेऊ लागले. आश्विनात प्रसूती झाली. प्रसूतीपूर्वी काही काळ औषध थांबवले होते, नंतर ते पुन्हा सुरू करून डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवले. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे या दृष्टीने विशेष जपण्याचे असतात. बाळंतिणीने खाटेवरून उतरूच नये ही जुनी समजूत या काळात घातक ठरू शकते. त्या घरात बाळंतीण दुसऱ्या दिवसापासून खोलीत चालू लागली आणि मालिश करणाऱ्या बाईला ‘डावा पाय वगळून’ असे निक्षून सांगण्यात आले. मुलगी झाली. आई व बाळ दोघी सुखरूप होत्या.

पोटरीवरच्या निळ्या रेषा पुढील काही महिन्यांत बऱ्याच पुसट झाल्या. गुडघ्यामागील गाठ मात्र राहिली. तिच्यावर पुढे काय करायचे, हे शल्यचिकित्सक तपासून ठरवतील. मोजे आता ती स्वतःच चढवते.

या हकिकतीत प्राण वाचवणारी गोष्ट कोणती होती? औषध होते, तपासणी होती, हे खरेच. परंतु त्याआधी कोणीतरी रोज तिचे पाय पाहत होते. काल मोजा कुठवर गेला होता, हे ज्या हातांना ठाऊक होते, त्याच हातांना आजचा फरक कळला. न पाहिलेल्या पायातील सूज संध्याकाळपर्यंत ‘दिवसभराचा शीण’ या खात्यावर खर्ची पडली असती.

म्हणून ज्या घरात गर्भवती सून किंवा लेक आहे, त्या घराने काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. एकाच पायाची अचानक सूज, वेदना किंवा उष्णता, तसेच धाप किंवा छातीत दुखणे दिसले तर तत्काळ रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दोन्ही पायांबरोबर चेहरा व हात सुजले, डोके फार दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो रक्तदाबाचा इशारा असू शकतो. तोही त्याच दिवशी तपासून घ्यावा. फुगलेली शीर फुटून रक्त येऊ लागले तर घाबरून दोरी बांधू नये. तिला आडवे झोपवून पाय उंच धरावा, स्वच्छ कापडाने ती जागा दाबून धरावी आणि डॉक्टरांकडे न्यावे. ज्यांना खासगी तपासणी परवडत नाही, त्यांच्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर मोफत तपासणी होते. दुकानातील मुलीला त्या दिवशी सुट्टी द्यावी, आणि ती मागण्याची वेळ तिच्यावर येऊ देऊ नये.

दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी आपण वर्षाचा नफा-तोटा मांडतो. एका स्टुलाची किंमत त्या वहीत फार मोठी नसते. मुरब्याच्या त्या दुकानात आज काउंटरमागे दोन स्टुले आहेत. गिऱ्हाईक आले की सून आणि ती मुलगी उठून माल देतात, आणि गिऱ्हाईक गेले की बसतात. विक्री पूर्वीइतकीच होते.